बुडापेस्टकाकांच्या ताटातल्या बिया

बुडापेस्टकाकांना "चहा घेणार का?" असं विचारलं की ते लगेच हो म्हणत नसत. आधी डोळे मिटत, मान जराशी तिरकी करत आणि मिटल्या डोळ्यांनीच विचारत, "एक, की थोडा?" नवीन माणूस बावचळून जाई. मीही पहिल्यांदा बावचळले होते. चहाचं पातेलं हातात धरून मी म्हटलं, "काका, फरक काय पडतो?" तर म्हणाले, "पडतो ना. 'एक चहा' म्हटलं की कप येतो, बशी येते, खुर्ची ओढली जाते, तू समोर बसतेस. 'थोडा चहा' म्हटलं की नुसता चहा येतो." मग डोळे उघडून, मोठा निर्णय घेतल्यासारखं म्हणाले, "एक दे."

त्यांचं आडनाव दामले होतं, पण अमिरातीतल्या अल ऐन शहरातल्या मराठी घरांत ते कुणाच्या तोंडी नव्हतं. सगळे त्यांना बुडापेस्टकाकाच म्हणत आणि बारशालाच हे नाव ठेवलं असावं अशा थाटात ते त्याला ओ देत. तरुणपणी शिष्यवृत्ती मिळवून ते हंगेरीला गेले होते, इंजिनीअर व्हायला. तिथे आधी भाषा शिकावी लागते म्हणून शिकायला बसले, ते त्या वर्गातून उठलेच नाहीत. इंजिनीअरिंग राहिलं बाजूला. पुढे सगळा जन्म त्यांनी बुडापेस्टमध्ये भाषाच शिकवली आणि प्रबंध लिहिला तो हंगेरियनमधल्या 'किती', 'खूप', 'थोडं', 'काही', 'सगळं' या शब्दांवर. हे शब्द मोजायच्या वस्तूंशी कसे वागतात आणि मापायच्या वस्तूंशी कसे वागतात, यावर. "माझा प्रबंध वाचलेली सगळी माणसं एका टॅक्सीत बसतील," असं ते सांगत आणि वर पुस्ती जोडत, "ड्रायव्हर धरून."

लग्नही तिथेच झालं. बायकोचं नाव इलोना. काका तिला इलुश म्हणत. मुलगी एकच. कागदावर तिचं नाव जसं लिहितात तसं वाचून इथे सगळे तिला डॉक्टर ज्युली म्हणायचे, पण त्यांच्या भाषेत त्याचा उच्चार युली. ती आमच्या अल ऐनच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर, नवरा समीर पुण्याचा, फुजैराच्या बंदरात नोकरीला, शनिवार-रविवार जमेल तसा घरी येणारा. इलोनाकाकू वारल्यावर युलीने वडिलांना इकडे आणलं. आमच्या आणि त्यांच्या घरात एक भिंत सामाईक आणि अंगणात बोगनवेलही सामाईक, त्यामुळे काका माझ्या वाट्याला आपोआप आले.

मी विद्यापीठाच्या लायब्ररीत काम करते. दुपारी तीनला घरी आले की काका ओट्याशी उभे राहायला हजर. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या मागे उभं राहून भाषाशास्त्र बोलणारा माणूस कुणाला सहन होईल? मला व्हायचा. मी तांदूळ निवडत असले की ते खूश होत. म्हणत, "बघ वृंदा, तांदूळ निवडले, तांदूळ धुतले, तांदूळ वैरले. सगळे अनेक. आणि शिजला की काय म्हणतेस? भात झाला. एक! एवढे सगळे गेले कुठे?" मी म्हणे, "काका, कुकरमध्ये." त्यावर ते हसत, पण पातेल्यातल्या भाताकडे असे बघत की जणू तिथे खरोखरच काहीतरी घडून गेलंय आणि आपण थोडक्यात चुकलो. पोहे पाहिले तरी त्यांचं तेच. पोहे अनेकवचनी, पण "एक पोहा" असं कधी कुणी मागितलंय का? रवा एकवचनी, शेवया अनेकवचनी. "मराठीचा स्वयंपाकघरातला पसारा आहे हा," ते म्हणत. "लाडका पसारा, पण पसाराच."

हंगेरियनचं त्यांना कौतुक कशाचं, तर तिच्या निवांतपणाचं. तिथे एकदा आकडा सांगितला किंवा 'पुष्कळ' म्हटलं की वस्तू एकवचनातच राहते. तीन सफरचंद. पुष्कळ सफरचंद. शंभर माणूस. "एकदा खूप म्हणून झालं ना, मग वस्तूच्या डोक्यावर परत ओझं कशाला?" असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या दुःखाचंही तसंच होतं. इलुश गेली, एवढं त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितलं आणि नंतर कित्येक महिने तिचं नाव काढलं ते फक्त खाण्यापिण्याच्या आणि गमतीच्या गोष्टींत.

खजुराच्या बाजारात मात्र त्यांच्यापायी मला मान खाली घालायची वेळ यायची. तिथे चिपळूणचा अन्वर नावाचा विक्रेता होता, आमचा नेहमीचा. खजुराचे डोंगर समोर, मागे गाड्यांची रांग, आणि काका त्याला सांगत, "मोजून डझनभर दे. एकेक बघून." अन्वर कपाळाला हात लावायचा. "काका, खजूर काय मोजून विकतात का? किलोत बोला ना. हाफ किलो करू? यल्ला काका, पाठी लाइन लागली." काका शांत. म्हणत, "अरे, अरबीत सगळ्या खजुराला तमर म्हणतात आणि एकाला तमरा. एकाला वेगळं नाव आहे, म्हणजे एकाला मान आहे." अन्वर म्हणे, "मान आहे काका, पण माझ्या काट्यावर तो दिसत नाय." मग तोच एखादा चांगला खजूर निवडून काकांच्या हातावर ठेवी आणि काका तो उन्हाला धरून बघत. हंगेरियनमध्ये फळाच्या एका नगाला 'सेम' म्हणतात आणि डोळ्यालाही सेमच. "बघ," ते मला म्हणत, "हा आपल्याकडे बघतोय."

अल ऐनमध्ये गाडीशिवाय कुणाचं पान हलत नाही आणि काकांना गाडी येत नव्हती. आठवड्यातून दोनतीनदा मी त्यांना ओअॅसिसमध्ये सोडत असे, आणि सोडता सोडता मीही थांबत असे. खजुराच्या झाडांमधून जाणारी ती अरुंद वाट, दोन्ही बाजूंना मातीच्या बुटक्या भिंती, आणि पायाशी फलजचं, म्हणजे दगडी पाटाचं, पाणी. बाहेर ऊन रणरणत असायचं, पण आत शिरलं की उजेड गाळून आल्यासारखा हिरवट होई. काका पाटाच्या कडेला बसून डोळे मिटत. मला तिथे नेहमी असं वाटे की आपण झोपेतून नीट जागे झालेलो नाही आणि होण्याची काही घाईही नाही. कुठेतरी कबुतर घुमत असे, कुठेतरी माळी पाटाच्या तोंडाशी चिंध्यांचा बोळा काढून पाणी दुसरीकडे वळवत असे, आणि काका पाण्याच्या आवाजातच बोलल्यासारखे बोलत.

तिथेच त्यांनी मला 'रेंगेतेग' हा शब्द दिला. दिला असंच म्हणायला हवं, कारण त्यांनी तो हातावर खजूर ठेवावा तसा ठेवला. "रेंगेतेग म्हणजे मुळात अरण्य. आत शिरलं की वाट सापडणार नाही असलं. त्यावरून पुढे अर्थ झाला, अतोनात. माणसं असोत, पाणी असो, आंबे असोत, वेळ असो, हा शब्द कुणालाच नाही म्हणत नाही." मी वर बघितलं. झावळ्यांमागे झावळ्या, त्यामागे आणखी झावळ्या. मी म्हटलं, "रेंगेतेग." ते म्हणाले, "शाब्बास. आता तू हरवलीस."

मग माझी शिकवणीच सुरू झाली. मी काही भाषा शिकायला उत्सुक वगैरे नव्हते. पण कुणीतरी आपल्याला काहीतरी शिकवतंय याचं सुख मोठं असतं आणि ते वयाच्या पंचेचाळिशीत सहसा मिळत नाही. त्यांची पद्धत अशी की मी भाजीवाली व्हायचं. अंगणातल्या भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ते. ते येऊन हंगेरियनमध्ये कांदे मागत, मी विचारायचं, "हान्य?" म्हणजे किती नग? ते पीठ मागत, तेव्हा मी विचारायचं, "मेन्यी?" म्हणजे किती? माझा उच्चार फार वाईट होता. मी पिठालाही "हान्य?" म्हणायचे आणि ते म्हणत, "बाई, मोजत बसलो तर संध्याकाळ होईल." पण कधी प्रश्न बरोबर आला की ते उत्तर देत नसत. डोळे मिटून नुसते उभे राहत. आधी मला वाटलं, आकडा आठवताहेत. नंतर कळलं, ते नुसतं ऐकत होते.

त्याचं कारण मला गणपतीत समजलं. आमच्या मंडळाचा गणपती एका हॉलमध्ये असतो आणि आरतीनंतर पंगत. ज्युली त्या दिवशी वाढायला उभी होती, जांभळी साडी, सोनेरी केसांचा अंबाडा. "घ्या ना, एक मोदक तरी अजून घ्या, माझी शपथ," असं ती म्हणाली आणि अख्ख्या पंगतीने टाळ्या वाजवल्या. एक वहिनी म्हणाल्या, "बघा गं, नाहीतर आपली मुलं! आपण मराठीत विचारायचं आणि ती इंग्लिशमध्ये आन्सर देणार. ही तिकडे वाढलेली पोरगी, बाबांशी घरात फक्त मराठी बोलते. काका, तुम्ही किती लकी!" काका हसले. पण त्यांचा हात मोदकावरच थांबला होता. जन्मल्यापासून बाप-लेकीची भाषा हंगेरियन. मराठी ती उन्हाळ्याच्या सुट्टीत पुण्याला जाऊन शिकलेली. आई गेल्यापासून मात्र तिने हंगेरियनचा एक शब्द उच्चारला नव्हता. काकांनी त्या भाषेत काही विचारलं तरी उत्तर मराठीतच यायचं, तेही फार प्रेमाने. सगळं गाव ज्याचं कौतुक करत होतं, त्यानेच त्या माणसाची जीभ कोरडी पडली होती.

त्या हिवाळ्यात त्यांनी मला गोम्बोत्स खायला बोलावलं. बटाट्याच्या उकडीची पारी, आत एक आख्खं आलुबुखार, उकळत्या पाण्यात सोडायचे, तरंगून वर आले की लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवायचे आणि वर दालचिनी-साखर. मोदकांचा दूरचा मामेभाऊ म्हणा. इथे आलुबुखाराऐवजी खजूर. मला फार आवडले. काकांनी एक खाल्ला आणि चमचा खाली ठेवला. "बी काढलीस," ते ज्युलीला म्हणाले. "तुमच्या दातांसाठी, बाबा. मागच्या मंथला कॅप पडली ना?" ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मग त्यांनी मला सांगितलं. इलुश बी कधीच काढत नसे. तिकडे कितीतरी घरांत तशीच रीत असते. खाताना बी तोंडातून काढून ताटाच्या कडेला लावायची आणि शेवटी विचारायचं, "हान्य?" ज्याच्या बिया जास्त, तो घरातला खादाड. त्यांच्या घरात दरवेळी काकाच जिंकत. कारण साधं होतं. इलुश बोलता बोलता आपल्या बिया त्यांच्या ताटात सरकवायची, आणि तिचं बघून पुढे युलीही. "तुम्हाला कळायचं नाही?" मी विचारलं. "न कळायला काय झालं? पण बघायचं नाही, हाच खेळ होता," ते म्हणाले. "ज्याच्यावर फार जीव, त्याच्या ताटात जास्त बिया." मग ताटातल्या मऊ, बिनबियांच्या गोळ्यांकडे बघत म्हणाले, "आता हे नुसतंच गोड. मोजायचं काय यात?"

इलोनाकाकूंच्या शेवटच्या दिवसांबद्दल ते एकदाच बोलले, फलजच्या काठावरच. मला सांगत होते की पूर्वी या बागांमध्ये पाण्याची वाटणी वेळेवर होत असे. या बागेला इतका वेळ, त्या बागेला तितका. "पाणी किती, असं विचारलं की उत्तर वेळेत यायचं," ते म्हणाले. पाटात एक वाळकं पान आलं, अडलं, सुटलं. मग म्हणाले, "इलुशनेही विचारलं होतं, किती वेळ आहे म्हणून. मला नाही, युलीला. ती डॉक्टर ना. रिपोर्ट तिनेच वाचलेले. युली म्हणाली, 'रेंगेतेग.' आणि चार दिवसांत इलुश गेली. त्यानंतर पोरीने ती भाषाच बंद केली." थोड्या वेळाने म्हणाले, "मला तिला सांगायचंय की तू काही चूक केली नाहीस. पण हे मराठीत सांगता येत नाही गं. मराठीत ती मुलगी कधी आजारी आईजवळ बसलीच नव्हती."

पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांनी जाहीर केलं की आपण बुडापेस्टला परत जाणार. तिथला जुना फ्लॅट अजून होता. विमानाचं तिकीटही काढून झालं होतं. ऐंशीला टेकलेला माणूस, हृदयाच्या गोळ्या चालू, तिसऱ्या मजल्यावरचं घर, बर्फाचे महिने. मी भांडले त्यांच्याशी. "तिथे कोण आहे तुमचं, काका?" ते बोगनवेलीची सुकलेली फुलं एकेक करून काढत होते. म्हणाले, "कुणी नाही. पण कोपऱ्यावर भाजीची एक बाई आहे. ती मला विचारेल, हान्य? आणि ती काही मी शिकवणी घेतली म्हणून विचारणार नाही." मग माझा चेहरा बघून त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू फार छान भाजीवाली आहेस. पण तुला कांदे मी शिकवलेत."

ज्युली माझ्याकडे आली ती ड्यूटीवरून तशीच, गळ्यात ओळखपत्र, डोळे लाल. "ताई, तुम्ही सांगा ना त्यांना प्लीज. माझं ऐकत नाहीत. विंटरमध्ये जिन्यात स्लिप झाले तर? कोण आहे तिकडे? मी काय कमी करते त्यांच्यासाठी?" मी तिला पाणी दिलं. मला मुत्सद्दीपणा कधी जमला नाही, तेव्हाही जमला नाही. म्हटलं, "त्यांना भाजीवालीशी बोलायचंय, ज्युली. तुझ्याशी बोलता आलं असतं तर जायला निघाले नसते." तिने ग्लास टेबलावर ठेवला. पलीकडच्या मशिदीतून अजान सुरू झाली, संपली. मग अगदी हळू म्हणाली, "मी ट्राय करते, ताई. रोज. पण तोंड उघडलं की आधी तोच शब्द येतो. मग मी मराठीत बोलते." उठून निघाली, आणि दाराशी थांबून म्हणाली, "आई माझ्याकडे बघत होती. तिला सगळं कळत होतं."

जायच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, तिने मला जेवायला बोलावलं. समीर बंदरात अडकला होता, रात्रीपर्यंत येणार होता. दिवाणखान्यात काकांच्या दोन बॅगा, नावाच्या चिठ्ठ्या लावून उभ्या. पडदे ओढलेले, एसीचा एकसुरी आवाज, टेबलावर पिवळट उजेड. काकांनी आतापासूनच निरोपाचं हसू तोंडावर चढवलं होतं आणि मला ते बघवत नव्हतं. ज्युलीने मोठं ताट आणून मधे ठेवलं. गोम्बोत्स. ओल्या खजुराचा हंगाम नुकताच सुरू झाला होता.

काकांनी पहिला घास घेतला आणि थांबले. जिभेने काहीतरी चाचपलं. मग दोन बोटांनी बी बाहेर काढली आणि तिच्याकडे बघत राहिले. लांबट, तपकिरी, ओली. त्यांनी मान वर करून मुलीकडे पाहिलं. ती आपल्या ताटात बघत होती, कान लाल झाले होते. काकांनी बी ताटाच्या कडेला ठेवली. आम्ही तिघंही खात राहिलो, आणि मला खोटं सांगायचं नाही, एवढ्या शांततेत मी दुसरं काही कधी खाल्लेलं नाही. मधेच ज्युलीने पाण्याचा जग उचलून माझ्याकडे दिला. देताना तिचा दुसरा हात काकांच्या ताटावरून गेला. काका त्याच वेळी पडद्याकडे बघत होते, मोठ्या काळजीपूर्वक. थोड्या वेळाने तिने त्यांना लोणी पुढे केलं, आणि ते परत पडद्याकडे बघू लागले. जन्मभराचा सराव होता.

शेवटी तिने चमचा खाली ठेवला. दोनदा तोंड उघडलं, मिटलं. तिसऱ्यांदा आवाज आला, तो डॉक्टर ज्युलीचा नव्हताच. एखाद्या लहान मुलीचा होता.

"हान्य, अपू?"

अपू म्हणजे बाबा. काकांनी चष्मा नीट केला. आपल्या ताटाकडे बघितलं. ताटाच्या कडेने बियांची गच्च रांग लागली होती, त्यांनी खाल्लं असेल त्याच्या दुप्पट-तिप्पट. ते मोजत असावेत असं मला वाटलं. मग त्यांनी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "रेंगेतेग." तिचा चेहरा एकदम वेडावाकडा झाला. त्यांनी हात सोडला नाही. परत म्हणाले, "रेंगेतेग, युली." आणि पुढे काहीतरी बोलत राहिले, हळू, न थांबता, आणि ती डोकं टेबलावर टेकून रडत होती आणि मधेमधे उत्तर देत होती. मला त्यातलं काही कळलं नाही. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी परत घासली.

काका गेले नाहीत. बॅगा काही दिवस दिवाणखान्यात तशाच उभ्या होत्या आणि मग एकीवर फुलदाणी आली. त्यानंतर संध्याकाळी सामाईक भिंतीतून आवाज यायचे. दोघं एकमेकांचं बोलणं तोडत, हसत, मधेच भांडत. तिने इतकं काय साठवून ठेवलं होतं कोण जाणे. माझी भाजीवालीची नोकरी सुटली. खरं सांगायचं तर मला थोडा हेवाही वाटला. आता काका दुपारी ओट्याशी आले तरी घड्याळाकडे बघत, लेक ड्यूटीवरून यायची वेळ झाली का म्हणून. मी विचारायचे, "चहा?" तर कधी कधी डोळे न मिटता, घाईघाईने म्हणत, "थोडा दे."

फेब्रुवारीत, थंडी ओसरताना, एका सकाळी ते झोपेतच गेले. युलीने मला हाक मारली तेव्हा खिडकीतून ऊन त्यांच्या पांघरुणावर आलं होतं आणि चेहरा ओअॅसिसमध्ये बसल्यावर असायचा तसा होता. अंत्यविधी इथेच झाले. अन्वर आला होता. त्याने कागदात बांधून खजूर आणले होते आणि माझ्या हातात देताना म्हणाला, "मोजून आणलेत, ताई." मी त्या दिवशी तेवढ्यावरच रडले.

आता शनिवारी दुपारी युली माझ्याकडे येते. पहिल्यांदा आली तेव्हा दारातच म्हणाली, "ताई, मी थोडं बोलू का? तुम्हाला नाही कळलं तरी चालेल." ती बोलते, मी ऐकते. तिच्या दहा वाक्यांतलं एखादं मला कळतं, त्यातही कांदे-बटाटे असतील तर. बाकीच्या वेळी मी डोळे मिटून घेते. डोळे मिटले की ती भाषा पाटाच्या पाण्यासारखी पायाशी वाहत राहते आणि आपण कुठे आहोत, किती वेळ बसलोय, याचं भान राहत नाही.

परवा ती गोम्बोत्सचा डबा घेऊन आली. ओल्या खजुराचा हंगाम परत आलाय. आम्ही दोघीच होतो. खाता खाता मी चहाचं आधण ठेवायला उठले, परत येऊन बसले. तिने तोंड पुसलं, खिडकीबाहेर बोगनवेलीकडे बघितल्यासारखं केलं आणि विचारलं, "हान्य?"

मी तीनच खाल्ले होते. माझ्या ताटाच्या कडेने बियांची रांग अर्ध्यापर्यंत आली होती. मी चष्मा नीट केला आणि म्हटलं, "रेंगेतेग."